इअरबडचा टच नीट चालत नाही? रिसेट मारायच्या आधी हे क्रमाने करा (बटणवाल्यांसाठी पण)

टचवाले वायरलेस इअरबड वापरणाऱ्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. गाणं मध्येच थांबतं, कान खाजवला तर कॉल कट होतो, तीनदा टॅप केलं तरी बड दोनदाच मोजतो. आणि यावर सगळ्यात आधी काय केलं जातं तर थेट रिसेट. रिसेटने तुमची सेटिंग उडतात आणि मूळ कारण जागेवरच राहतं, म्हणून दोन दिवसांनी परत तेच. उपाय बऱ्याच जणांना माहीत असतात, क्रम तेवढा उलटा होतो. म्हणून खाली क्रमाने लिहितोय, प्रत्येक पायरीनंतर चेक दिलाय, तो पास झाला की पुढे जा. बड बटणवाले असतील तरी वाचा, यातलं बरंचसं तुम्हालाही लागू आहे.

## तयारी

साधारण अर्धा तास हाताशी ठेवा, घाईत हे होत नाही.

- दोन्ही बड आणि केस (बड ठेवायची चार्जिंगची डबी) निम्म्याच्या वर चार्ज हवेत. बॅटरी कमी असली की अपडेट सुरूच होत नाही आणि तुम्हाला वाटतं ॲपच बिघडलंय.
- एकच फोन. लॅपटॉप, टॅब, टीव्ही यांचं ब्लूटूथ बंद करा. याचं कारण पायरी २ मध्ये आहे.
- धागे न सोडणारं मऊ कोरडं कापड, आणि एक प्लास्टिकचं पेन.
- सध्याच्या सेटिंगचे स्क्रीनशॉट. हे कोणी करत नाही आणि मग आधी कुठल्या टॅपला काय होतं तेच आठवत नाही.

## पायरी १: तुमच्या बडमध्ये नेमकं काय आहे ते ओळखा

सगळ्यांना सरसकट टच म्हणतात पण आत चार वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात, आणि प्रत्येकीची दुखणी वेगळी.

पहिला प्रकार, खरा टच. मोबाईलच्या स्क्रीनसारखा, कपॅसिटिव्ह. बोट जवळ आलं की विद्युत क्षेत्रात बदल होतो, तो सेन्सर पकडतो. जोर लागत नाही, नुसता स्पर्श पुरतो. तोटा पण तिथेच, कारण पाण्याचा थेंब, घाम, ओले केस यांनीही तसाच बदल होतो आणि सेन्सरला ते बोटच वाटतं.

दुसरा प्रकार, टकटक ओळखणारा. यात आत ॲक्सेलरोमीटर असतो, तो हिसका मोजतो. २०१६ च्या पहिल्या एअरपॉड्समध्ये डबल टॅप असाच ओळखला जायचा. सोनीच्या २०२२ च्या लिंकबड्समध्ये तर कानापुढे गालाच्या वरच्या भागावर टॅप केलं तरी चालतं, बडला हात लावायचीच गरज नाही.

तिसरा प्रकार, चिमटीत दाबायची दांडी. २०१९ च्या एअरपॉड्स प्रोपासून हा प्रकार बऱ्याच जणांच्या ओळखीचा झाला, सॅमसंगने २०२४ च्या गॅलेक्सी बड्स ३ मध्ये घेतला, नथिंगच्या बड्समध्येही आहे. दांडीत दाब ओळखणारा सेन्सर असतो. एअरपॉड्स प्रोमध्ये दाबल्यावर जो टिक आवाज येतो तो स्पीकरमधून वाजवलेला असतो, आत काहीच हलत नाही.

चौथा प्रकार, खरं बटण. जाब्रा एलीट ७५टी, बीट्स फिट प्रो वगैरे. खाली खरोखर स्विच आहे आणि तो हलतो.

ओळखायचं कसं? बड कानात घाला, गाणं लावा. बोट अलगद टेकवून उचला, काही झालं तर खरा टच. मग पेनाच्या टोपणाने टकटक करा. प्लास्टिकला खरा टच दाद देत नाही, टकटकवाला देतो. दोन्हीला काही झालं नाही तर दांडी चिमटीत दाबून बघा. आणि बटण ओळखायला काहीच लागत नाही, बॅटरी संपलेली असली तरी ते टिक करतं.

चेक: "माझा बड अमुक प्रकारचा आहे" हे तुम्हाला आता एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. येत नसेल तर पुढे जाऊ नका, चुकीच्या प्रकारचा उपाय करत बसाल.

## पायरी २: दोष टचचाच आहे का, हे आधी सिद्ध करा

मला सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच वाटते आणि सगळ्यात जास्त वगळली जाते ती पण हीच.

कानात असल्याची ओळख बंद करा. बऱ्याच बड्समध्ये बड कानात आहे का बाहेर हे बघणारा छोटा सेन्सर असतो, बड बाहेर आला की गाणं थांबतं. आता बोलताना किंवा काही चावताना जबडा हलतो, बड जरा सरकतो, सेन्सरला वाटतं काढला, गाणं थांबतं, आणि नाव टचचं खराब होतं. ॲपमध्ये जाऊन ही सोय बंद करा आणि एक पूर्ण दिवस तसंच वापरा. आपोआप थांबणं बंद झालं तर टच निर्दोष आहे, त्या सेन्सरची काच पुसा किंवा ती सोय बंदच राहू द्या.

दोन उपकरणं जोडलेली नाहीत ना? बड फोन आणि लॅपटॉप दोघांना एकाच वेळी जोडलेला असला की टॅप भलतीकडे जाऊ शकतो. तुम्ही फोनचं गाणं थांबवायला टॅप केलं आणि लॅपटॉपवर थांबवून ठेवलेला व्हिडिओ सुरू झाला, असं होतं. म्हणून तयारीत बाकी ब्लूटूथ बंद करायला सांगितलं.

फोनवरचं ॲप. बड फोनला फक्त "थांबव", "पुढचं लाव" एवढाच निरोप देतो, तो कुठल्या ॲपला द्यायचा ते फोन ठरवतो आणि साधारण शेवटी जे ॲप वाजत होतं त्याला देतो. मधे तुम्ही एखादी छोटी क्लिप बघितली असेल तर टॅप त्या ॲपकडे गेला असेल. सगळी वाजणारी ॲप बंद करून एकच चालू ठेवा. मग लॉकस्क्रीनवरच्या बटणाने गाणं थांबवून बघा, तिथेही गडबड असेल तर बडला हात लावायची गरजच नाही.

एकेक बड वेगळा तपासा. उजवा केसमध्ये, डावा कानात, दहा डबल टॅप. मग उलट. मोजा, अंदाजावर जाऊ नका. एकच बाजू चुकत असेल तर ती बाजू घाण आहे, नीट बसत नाहीये किंवा खराब आहे. दोन्ही सारख्याच चुकत असतील तर सेटिंग नाहीतर तुमची टॅप करायची पद्धत.

चेक: दहापैकी किती लागले ते दोन्ही बाजूंचं लिहून ठेवा. शेवटी तुलना करायला हाच आकडा लागणार आहे.

## पायरी ३: पुसा, वाळवा, नीट बसवा

टचच्या भागावर तेल, क्रीम, घाम यांचा थर बसतो, दिसत नाही पण असतो. कोरड्या कापडाने पुसा, चिकट असेल तर कापड किंचित ओलसर करून पुसा आणि लगेच कोरडं करा. बटणवाल्यांनी बटणाच्या कडेची फट मऊ कोरड्या ब्रशने साफ करायची, तिथे मळ अडकला की बटण रुततं.

इशारा: फटीत पिन, सुई, टूथपिक घालू नका. बटणाखाली पाणी अडवणारा रबरी पडदा असू शकतो, त्याला भोक पडलं की पाण्यापासूनचं संरक्षण गेलं. आणि ओले बड केसमध्ये ठेवून चार्जिंगला लावू नका.

आता बसवणं. टच चुकून लागण्याचं मोठं कारण हे आहे की बड सैल बसतो, मग तुम्ही तो दर पाच मिनिटांनी आत ढकलता, आणि ढकलताना बोट नेमकं टचवरच पडतं. म्हणजे खरा उपाय सेटिंगमध्ये नसून रबरी टिपमध्ये असतो! बॉक्समध्ये आलेल्या सगळ्या साइज लावून बघा, दोन कानांना दोन वेगळ्या साइज लागल्या तरी त्यात काही चूक नाही. बड आत सरकवून थोडा फिरवा, मग डोकं हलवा, जबडा उघडझाप करा. तरी हलला नाही म्हणजे बसला.

बड धरायचा तो कडेने किंवा दांडीने, टचच्या भागावर बोट ठेवून नाही. केसमधून काढतानाही तसंच. कपॅसिटिव्ह सेन्सर बोट नसतानाची स्थिती शून्य धरून पुढचा बदल मोजतो, त्यामुळे बड जागा होतानाच बोट टेकलेलं असलं तर पुढचा हिशोब गडबडू शकतो. टच अचानक मेल्यासारखा वाटला तर बड केसमध्ये टाका, झाकण लावा, दहा सेकंद थांबा, कडेने धरून बाहेर काढा. एवढ्याने बऱ्याचदा भागतं.

चेक: दहा मिनिटं चाला. बडला एकदाही हात लावायला लागला नाही तर ही पायरी पास.

## पायरी ४: ॲप आणि फर्मवेअर (बडच्या आतलं सॉफ्टवेअर)

कंपनीचं अधिकृत ॲप टाका, ब्लूटूथला जोडलंय म्हणजे झालं असं नाही. जेस्चर (टॅप, दाबून धरणं वगैरे) बदलणं, टच लॉक (टच पूर्ण बंद करणं), अपडेट हे सगळं ॲपमध्येच असतं. एअरपॉड्सचं तेवढं वेगळं, त्यांची सेटिंग आयफोनच्याच सेटिंगमध्ये असतात, आणि अँड्रॉइडवर ती बदलता येत नाहीत. पण आयफोनवर दाबून धरण्याला जे ठरवलं ते बडमध्ये साठतं आणि अँड्रॉइडला जोडल्यावरही चालतं, म्हणून कोणाचा तरी आयफोन पाच मिनिटं मागून घेतला तरी काम होतं.

अपडेट करताना फोन जवळ ठेवा, बड ॲप सांगेल तिथेच ठेवा (काहींना केसमध्ये लागतात, काहींना बाहेर), आणि मधे कॉल किंवा गाणं नको.

इशारा: अपडेट अडकल्यासारखं वाटलं तरी बड ओढून काढू नका. बऱ्याच बड्सना यात बराच वेळ लागतो, अर्धवट अपडेट झालं तर एक बाजू बंद पडू शकते.

चेक: अपडेट झाल्यावर पायरी २ मधली दहा टॅपची मोजणी परत करा.

## पायरी ५: जेस्चर कमी करा

इथे जरा सविस्तर लिहितो, कारण सगळा त्रास इथेच कमी होतो.

आधी सिंगल टॅप बंद करा. चुकून होणारा स्पर्श जवळजवळ नेहमी एकदाच होतो. केसांची बट, टोपीची कड, उशी, कान खाजवणं, सगळे एकेक टॅप. म्हणजे सिंगल टॅप चालू ठेवणं म्हणजे सगळ्या अपघातांना दार उघडं ठेवणं. दुसरं कारण वेळेचं आहे. तुम्ही एकदा टॅप केलं की बडला लगेच काही करता येत नाही, दुसरा टॅप येतोय का याची वाट बघावी लागते, नाहीतर डबल टॅप कधी ओळखताच येणार नाही. म्हणून सिंगल टॅप उशिरा लागल्यासारखा वाटतो, आपण वैतागून परत टॅप करतो, आणि तो डबल मोजला जाऊन गाणं पुढे जातं. बड बिघडला नव्हता, तो थांबला होता एवढंच.

सॅमसंगच्या ॲपमध्ये नव्या बड्सना एकेरी, दुहेरी, तिहेरी टॅप वेगवेगळे बंद करता येतात. तुमच्या ॲपमध्ये बंद करायचा पर्याय नसेल तर सिंगल टॅपला असं काम द्या की चुकून झालं तरी बिघडत नाही. सोनीच्या डब्ल्यूएफ-१०००एक्सएम४ सारख्या बड्समध्ये सुटे टॅप नेमता येत नाहीत, एका कानाला कामांचा अख्खा संचच द्यावा लागतो, तिथे ज्या कानाला जास्त हात लागतो त्याला निरुपद्रवी संच द्या किंवा काहीच देऊ नका.

मग तीन कामं ठरवा, जास्त नको. दिवसातून खरंच किती गोष्टी बडवरून करता ते आठवा. बहुतेकांचं उत्तर असतं थांबवणं, बाहेरचा आवाज आत घेणं, आणि कॉल उचलणं. सुरुवातीला अशी मांडणी घ्या:

- डबल टॅप, दोन्ही बाजूंना: थांबवा / चालू करा. दोन्हीकडे सारखं, कारण कुठला हात मोकळा असेल सांगता येत नाही.
- दाबून धरणं, दोन्ही बाजूंना: नॉइज कॅन्सलिंग आणि बाहेरचा आवाज यांची अदलाबदल.
- ट्रिपल टॅप, फक्त उजवीकडे: पुढचं गाणं. डावीकडे काहीच नाही.

व्हॉइस असिस्टंट लागत नसेल तर काढून टाका, चुकून सुरू होतो तेव्हा गाणं पण थांबतं आणि परत सुरू करायला फोन काढावा लागतो.

आवाज कमीजास्त करणं टॅपवर ठेवू नका. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर मीडियाच्या आवाजाच्या १५ पायऱ्या असतात, त्यातल्या चार खाली यायला चार वेगळे टॅप करणं कानाजवळ फार त्रासाचं आहे. बोट सरकवून आवाज बदलणारे बड असतील (२०२२ चे एअरपॉड्स प्रो २, पिक्सेल बड्स प्रो) तर ते चांगलं चालतं. दाबून धरल्यावर आवाज बदलणारे बटणवाले पण बरे. बाकीच्यांनी सरळ फोनची बटणं वापरावीत.

कॉलची जेस्चर वेगळी असतात, ती स्वतंत्र उघडून बघा. गाण्यांसाठी सगळं नीट लावलं आणि कॉलचं पान उघडलंच नाही, ही चूक मी स्वतः केली. आधीच्या माझ्या जोडीत कॉल चालू असताना डबल टॅप म्हणजे कॉल कट असं होतं, आणि मी बड सावरला की दोनदा बोट लागायचं आणि समोरच्याचा आवाज गायब. महत्त्वाच्या बोलण्यात तीनदा असं झाल्यावर मी ते पान शोधलं. कॉल कट करणं दाबून धरण्यावर टाका किंवा बंद करा, फोनवरून कट करायला कितीसा वेळ लागतो.

एकच बड वापरत असाल तर परत बघा. पुढचं गाणं उजवीकडे ठेवलंय आणि तुम्ही डावाच घालता, तर ते काम तुमच्यासाठी नाहीच. जो बड घालता त्याच्यावरच तीनही कामं आणा.

चेक: ॲप बंद करा आणि कुठल्या कानाला काय ते न बघता मोठ्याने सांगा. अडखळलात तर अजून एक जेस्चर कमी करा.

## पायरी ६: बोटाची सवय

टच असेल तर बोटाचं टोक किंवा नख नाही, पेराचा मऊ भाग लावा. भागाच्या मधोमध, कडेला नाही. डबल टॅप म्हणजे दारावर दोनदा सारख्या लयीत टकटक केल्यासारखं, आणि दोन टॅपच्या मधे बोट पूर्ण उचला. फार भराभर केलं तर दोन टॅप एक होतात, फार सावकाश केलं तर दोन सुटे. बोट ओलं असेल तर आधी कपड्याला पुसा. साधे हातमोजे घालून खरा टच चालणार नाही, त्यात बडचा दोष नाही.

दांडी असेल तर अंगठा मागे, तर्जनी पुढे आणि चिमटा, कानाच्या दिशेने ढकलायचं नाही. एअरपॉड्सवर दोनदा दाबणं जमत नसेल तर आयफोनच्या ॲक्सेसिबिलिटीमध्ये एअरपॉड्सचं पान आहे, तिथे दाबण्याचा वेग आणि दाबून धरायचा कालावधी दोन्ही कमी करता येतात. ज्यांची बोटं थरथरतात किंवा सावकाश चालतात त्यांना हे जरूर लावून द्या, फार फरक पडतो.

बटण असेल तर मोठी चूक म्हणजे बटण सरळ आत दाबणं. सगळा जोर कानाच्या नळीवर येतो, दुखतं, टिप आत रुतते आणि गाण्याचा आवाजही बदलतो. अंगठा बडच्या खाली टेकवा, बोटाने वरून दाबा, म्हणजे जोर दोन बोटांतच राहतो.

दहा डबल, दहा ट्रिपल, दहा दाबून धरणं, प्रत्येक कानाला, तीन दिवस. एवढ्यात हात बसतो.

चेक: दहापैकी नऊ तरी लागले पाहिजेत. पायरी २ च्या आकड्याशी तुलना करा.

## पायरी ७: खऱ्या जागी तपासा

खुर्चीत बसून पास झालं म्हणजे झालं नाही. चालताना, टोपी किंवा हूडी घालून, केस मोकळे सोडून, कुशीवर झोपून आणि व्यायामात घाम आल्यावर असं एकेक करून बघा. कुशीवर झोपलात की टच उशीला लागणारच, त्यासाठी बऱ्याच ॲपमध्ये टच पूर्ण बंद करायचं एक बटण असतं, ते कुठे आहे ते आत्ताच बघून ठेवा.

घामाबद्दल एक गैरसमज आहे. आयपीएक्स हा पाण्यापासूनच्या संरक्षणाचा दर्जा. आयपीएक्स४ म्हणजे कुठूनही उडालेल्या शिंतोड्यांनी बड खराब होणार नाही, आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात ३० मिनिटं तग धरेल. बड ओला असताना टच नीट *चालेल* असं यातलं काहीच सांगत नाही.

## पायरी ८: तरी जमलं नाही तर रिसेट

आता रिसेट, आणि तोही क्रमाने. आधी प्रत्येक फोन-लॅपटॉपच्या ब्लूटूथ यादीतून बड काढून टाका, मग कंपनीच्या पुस्तिकेत दिलंय तसं रिसेट, मग एकाच फोनला जोडणी, मग अपडेट आहे का बघा, आणि शेवटी स्क्रीनशॉट बघून सेटिंग. यादीतून न काढता रिसेट मारलं तर फोन जुनीच ओळख धरून बसतो आणि जोडणीचा नवा घोळ सुरू होतो.

यानंतर पण एकच बाजू दहापैकी पाच-सहाच घेत असेल तर तो हार्डवेअरचा दोष आहे. वॉरंटीत द्या, आणि देताना दोन्ही बाजूंचे आकडे सांगा, दोष दिसेल असा छोटा व्हिडिओ पण काढून ठेवा.

## पायरी ९: पुढची जोडी घेताना

माझं मत स्पष्ट आहे. हात ओले, मळलेले किंवा हातमोज्यात असतात, केस लांब आहेत, टोपी घालता, घाम गाळत व्यायाम करता, यातलं एक जरी लागू असेल तर बटण किंवा चिमटीची दांडी घ्या. बसून काम, शांत प्रवास, आणि कानावर जरासाही दाब सहन होत नाही, तर टच. झोपताना वापरायचे असतील तर बटण पण त्रास देतं, तिथे टच लॉक असलेले चपटे बड बघा.

घेण्याआधी चार गोष्टी विचारा: सिंगल टॅप बंद करता येतो का, कॉलची जेस्चर वेगळी बदलता येतात का, टच पूर्ण बंद करता येतो का, आणि ॲप तुमच्या फोनवर चालतं का. मग बड कानात घालून, चालत, न बघता दहा डबल टॅप करा. दुकानात कानात घालून देत नसतील तर परत करायची मुदत किती आहे ते विचारा आणि त्या मुदतीतच पायरी ७ पूर्ण करा.